चिखलातली वाकडी रांग

दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात छोटा आरसा घातला, बराच वेळ 'हं, हं' केलं आणि मग विचारलं, "झोपेत काय चावता तुम्ही?"

"काही नाही."

"दाढा तर पार सपाट झाल्यात. रात्रभर दात खात असणार. कामाचा ताण आहे का?"

मी चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे, सव्वीस वर्षं झाली. यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि केसभर फरक निघाला तरी लाल खूण करून परत पाठवायचे, हे माझं काम. माझ्या टेबलावरून चुकीचा भाग पुढे गेला असं एकदाही झालेलं नाही, आणि हे मी कुणी विचारलं नसतानाही लोकांना सांगत असते. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मग चार दिवस सुट्टी घ्या आणि कुठेतरी चुका करून या." वर दातांवर बसवायचा एक रबरी साचा दिला.

कुठे जायचं हा प्रश्न नव्हता. रंजना अठरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती. दोन वर्षांपूर्वी तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कोल्हापूर जिल्ह्यात मलकापूरजवळच्या आपल्या वाडीत शेती बघायला गेली. तेव्हापासून 'ये की, ये की' चालू होतं. यंदा जुलैच्या मध्यावर मी निघाले.

जाण्यापूर्वी विश्रांतीचं वेळापत्रक केलं. सहा ते साडेसहा प्राणायाम. साडेसहा ते सात अनवाणी चालणे. सव्वाचार ते पावणेपाच निसर्गनिरीक्षण. टापटीप तक्ता, रकाने आखलेले, शेवटी 'शेरा' असा एक कॉलम. नवऱ्यानं तो वाचला आणि विचारलं, "शेऱ्यात काय लिहिणार?"

"नीट झालं की नाही ते."

त्यानं तक्ता माझ्या पिशवीत खोचून दिला.

कोल्हापूर

पहाटेच्या गाडीनं दहाच्या सुमारास कोल्हापूरला उतरले. तक्त्याप्रमाणे अर्ध्या तासात नाश्ता आणि अकराची मलकापूर गाडी. रिक्षावाल्याला चांगली मिसळ विचारली, तर त्यानं आणखी काही न विचारता शिवाजी पेठेत नेलं. अरुंद बोळ, एका बाजूला तालीम, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं दुकान, आणि मध्ये ते मिसळीचं हॉटेल. बाकावर शेजारच्याला कोपर लागल्याशिवाय घास तोंडात जाणार नाही इतकी गर्दी.

"तिखट जरा कमी मिळेल का?" मी विचारलं.

गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मान वर केली. "पुन्यासनं आलाईसा व्हय?"

"चिंचवड."

"त्येच की. पावणं, तिखट नगं आसंल तर चहा-बिस्किट खावा की. मिसळीला कशाला तरास देताय?"

अख्ख्या बाकानं हसून घेतलं. मिसळ आली. आमच्याकडे पाव देतात, इथं ब्रेडचे जाड काप. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं, तिसऱ्याला कान गरम झाले आणि पाचव्याला मी रस्सा आणखी मागितला. गल्ल्यावरचे गृहस्थ स्वतः उठून वाढायला आले आणि म्हणाले, "जमालंय की!" सव्वीस वर्षांत मला कुणी इतक्या मोठ्यानं शाबासकी दिली नव्हती.

अकराची गाडी अर्थातच चुकली. मी घड्याळ बघत एसटी स्टँडवर येरझाऱ्या घालत होते, तर बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "बसा की, गाडी काय तुमच्या चालन्यानं यायची हाय व्हय?" मी बसले. त्यांनी अर्धं कणीस दिलं. जाताना म्हणाल्या, "चला, मी येतो आता." इकडच्या कितीतरी बायका स्वतःविषयी बोलताना 'येतो', 'जातो' म्हणतात. कानाला पहिल्यांदा खटकलं. चूक दुरुस्त करायला तोंड उघडलंही होतं, पण तोंडात कणीस होतं.

वाडी

मलकापूरपासून पुढे वडाप. वडाप म्हणजे सीटं भरली की नव्हे, माणसं संपली की सुटणारी जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली भाताची खाचरं आणि समोर डोंगर. म्हणजे डोंगर असावा, कारण अर्ध्याच्या वर ढगच होता. फाट्यावर रंजना डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन उभी होती. कारखान्यात कडक इस्त्रीच्या कोटात वावरणारी रंजना इथं साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायांना चिखल, आणि पूर्वीपेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होती.

घर साधं, कौलारू, पुढे पडवी. आत शिरल्याबरोबर समोर कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे वाटीत मोगऱ्याची चार फुलं. रंजनाची सासू चुलीपुढे बसली होती. तिला सगळे आत्ती म्हणत, मीही म्हणू लागले. रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी आणि शेतातल्या खेकड्यांचा रस्सा. मी नांग्या फोडायला सुरी मागितली तेव्हा आत्तींनी माझ्या ताटातली नांगी उचलली, पाटावर ठेवून वरवंटा हाणला आणि परत दिली.

रंजनानं माझ्या पिशवीतून डोकावणारा तक्ता काढला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. आत्ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यात हसायचं कवा लिवलंय?"

मी तक्ता घडी घालून ब्लाउजमध्ये खोचला.

लावणीचा दिवस

दुसऱ्या दिवशी रंजनाच्या खाचरात भाताची लावणी होती. इकडे मजूर लावत नाहीत, पैरा करतात. आज सगळ्या बायका रंजनाच्या शेतात, उद्या त्याच सगळ्या दुसरीच्या शेतात. त्यामुळे आजचं काम आज संपायलाच हवं. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण अकरा बायका चिखलात उभ्या आणि मी पडवीत प्राणायाम करतेय हे काही जमेना. साडी खोचून उतरले.

चिखलात पहिलं पाऊल टाकलं आणि पाय मांडीपर्यंत आत. दुसरं टाकायला गेले तर पहिलं येईना. हसण्याची लाट एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत गेली. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, काळ्यासावळ्या, काटक. त्यांनी माझ्या कमरेला धरून मला मुळ्यासारखं उपटून वर काढलं. "पार्वताक्का हाय मी," त्या म्हणाल्या. "टाच आदी उचला, मग बोटं. हां."

रोपांची जुडी डाव्या हातात, उजव्या हातानं दोन-तीन काड्या सुट्या करायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागे. बायका बोलत बोलत, वर न बघता मागे सरकत होत्या आणि त्यांच्यापुढे हिरवं पसरत जात होतं. मी एक रोप लावलं. बघितलं. दुसरं लावलं. पहिल्यापासून एक वीत आहे का, वीत घालून मोजलं. रांग सरळ हवी म्हणून डोळा बारीक करून पाहिलं. मी एक रांग पुरी केली तोवर बायका खाचराच्या मध्यावर पोचल्या होत्या. पण माझी रांग! दोरी धरल्यासारखी. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

मग नजर शेजारच्या पट्ट्याकडे गेली. पार्वताक्कांची रोपं. वेडीवाकडी, कुठे दोन जवळ, कुठे मध्ये हातभर मोकळं, सगळी एका बाजूला कललेली. मी मान फिरवली. दोन रोपं लावली. परत तिकडे पाहिलं. त्या लांब गेल्या होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे नव्हती पण मान खाली होती. मी हात लांब करून त्यांचं एक रोप उपटलं आणि सरळ करून लावलं. मग दुसरं. मग तिसरं. मला वाटतं मी पंधरा-वीस तरी रोपं 'दुरुस्त' केली असतील.

"ए बाई!"

सगळं खाचर थांबलं. पार्वताक्का चिखल तुडवत माझ्यासमोर आल्या.

"माझं लावल्यालं उपटलंस?"

मघाचं 'अहो-जाहो' कुठल्या कुठे गेलं होतं. मी म्हटलं, "नाही, ते जरा वाकडं होतं, म्हणून..."

"वाकडं व्हतं तर व्हतं! लावल्यालं रोप मागारी उपटतंय का कोन? तासाभरात त्येनं मुळी धरली आसती. आन् हितं घाई कसली हाय ठावं हाय का तुला? उद्या सखूचं शेत, परवा माझं. पाणी हाय तवर लावायचं. तू आमचं काम करालीस का आमची परीक्षा घ्यालीस?"

रंजना लांबून "आक्का, आक्का" करत निघाली. मी बांधावर जाऊन बसले. पाऊस बारीक पडत होता. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. बायका परत कामाला लागल्या होत्या, कारण काम व्हायला हवं होतं.

मी बांधावर बसून रडले ते ओरडा खाल्ला म्हणून नव्हे. पार्वताक्का जे बोलल्या ते मी आधी एकदा ऐकलं होतं. माझी मुलगी मुक्ता गेल्या वर्षी नोकरीसाठी बेंगळूरूला गेली. सामान बांधत होती तेव्हा मी तिची घातलेली प्रत्येक घडी मोडून पुन्हा घातली. ती म्हणाली, "आई, मी केलेलं एकही काम तू कधी तसंच राहू दिलं नाहीस. लहानपणी मी चित्र काढायचे, त्यातला सूर्यसुद्धा तू गोल करायचीस." मी म्हटलं, "अगं, गोलच असतो सूर्य." तेव्हापासून ती फोन करते, जेवलीस का विचारते, पण स्वतःचं काही दाखवत नाही. नवं घर भाड्यानं घेतलंय, त्याचा एक फोटोही पाठवला नव्हता. मी त्याला 'कामात असेल' असं नाव देऊन ठेवलं होतं.

सकाळी पुन्हा ब्लाउजमध्ये खोचलेला तक्ता भिजून त्याचा लगदा झाला होता. तो काढून बांधावर ठेवला, तर थोड्या वेळानं एक खेकडा त्याच्यावरून चालत गेला.

संध्याकाळी आत्तींनी न विचारता मला पाटावर बसवलं, पायांना खोबरेल चोळलं आणि चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी अंघोळीला दिलं. "आक्का तोंडाची फाटकी हाय," त्या म्हणाल्या, "पर पोटात काय ठेवत न्हाय." मी नऊ वाजायच्या आत झोपले आणि डॉक्टरांचा साचा लावायचं विसरले.

डोंगर

सकाळी मला पहिल्यांदा खाचर बघायचं होतं. माझी ती दोरी धरल्यासारखी रांग गायब होती. रोपं पाण्यावर तरंगत एका कोपऱ्यात गोळा झाली होती. रांग सरळ करण्याच्या नादात मी ती पुरेशी दाबलीच नव्हती. शेजारी पार्वताक्कांची वाकडी रोपं वाऱ्यावर डुलत घट्ट उभी होती.

मी तिथेच उभी असताना मागून आवाज आला, "गेली व्हय वाहून?"

पार्वताक्का. हातात विळा, खांद्यावर गोणपाट, डोक्यावर लाल प्लॅस्टिकची खोळ. मला वाटलं, कालचं राहिलेलं आज ऐकवणार.

"आक्का, काल माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं की. मग? कालचं आज काय धरून बसलाईसा?" पुन्हा 'अहो-जाहो' आलं होतं. "डोंगराला येता का? भाजी आनाय चाललोय. सखूकडं दुपारनं जायाचं हाय, तवर मोकळी हाय."

गेले. वाट म्हणजे वाहता ओढाच होता. आक्का पुढे, मी मागे. टाकळा, भारंगी, कुर्डू असं करत त्या पानं खुडत होत्या आणि मला हुंगायला देत होत्या. वर चढलो तसं धुकं इतकं दाट झालं की आक्कांची फक्त लाल खोळ दिसायची. एका ठिकाणी जुनी झाडं दाटीनं उभी होती, बुंध्यावर हिरवं मखमली शेवाळ, फांद्यांवर नेचे. तिथली काटकीसुद्धा कुणी तोडत नाही, देवाचं रान आहे, असं आक्कांनी सांगितलं. आम्ही एका मुळावर टेकलो.

कुठेतरी जवळच एक पक्षी शीळ घालत होता. अगदी माणसासारखी शीळ, सुरेल, चार-पाच सूर वर चढत जायचे आणि नेमका शेवटचा सूर येईल असं वाटतं तिथं तो थांबायचा. मग पुन्हा पहिल्यापासून, पण वेगळंच. मी श्वास रोखून बसले होते.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"तो पुरं करत नाहीये."

आक्का एवढ्या मोठ्यानं हसल्या की पक्षी उडाला. हसता हसता त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले, आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. त्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

त्यांनी माझी नजर पाहिली. "कडबाकुट्टीत गेली. म्हशीची वैरन कापताना. बारा वर्सं झाली."

"म्हणून रोपं..."

"जुडी नीट धरता येत न्हाय. कलतीया. पैल्या सालाला लई रडलो. वाटायचं, बाया नावं ठेवतील. मग बघितलं, कापायला आल्यावर कुनाची रांग कंची, काय कळत न्हाय. रांग वाकडी म्हनून भात वाकडं पिकतंय व्हय?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात झटकला. "परत नगं. एकदा मागितली की." मग माझ्या पायाकडे बघून, "ती बघा, पावणीला पावणी आली."

घोट्याला जळू चिकटली होती, चांगली अंगठ्याएवढी फुगलेली. चिंचवडला मी किंचाळून सोसायटी गोळा केली असती. आक्कांनी कनवटीतून मिठाची पुडी काढली, चिमूटभर टाकलं, जळू गळून पडली. रक्त बराच वेळ वाहत होतं, पावसानं धुवून जात होतं. आम्ही तिथे किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही. घड्याळ घरीच राहिलं होतं, आणि ते राहिल्याचं मला परत आल्यावर कळलं.

दुपारी आत्तींच्या देखरेखीखाली मी तांदळाची भाकरी थापली. तिला एका बाजूनं शेपूट आलं. मी ती मोडून परत थापायला हात घातला आणि थांबले. तशीच तव्यावर टाकली. एका ठिकाणी करपली, एका ठिकाणी फुगली. रंजनानं ती भारंगीच्या भाजीबरोबर खाल्ली आणि काहीच बोलली नाही. अठरा वर्षं शेजारी बसलेल्या बाईनं काहीच न बोलणं म्हणजे पसंतीच.

मग साडी खोचून मी सखूच्या शेतात गेले. आक्कांच्या शेजारी उभी राहिले. माझा वेग त्यांच्या निम्माही नव्हता, पण अंगठा खोल दाबत होते आणि मागे वळून बघत नव्हते. अंधार पडायच्या आत खाचर पुरं झालं. कुठली रांग माझी, मला ओळखू आली नाही.

मलकापूर

परतीच्या दिवशी रंजना मला मलकापूरच्या स्टँडवर सोडून गेली. तिला आक्कांच्या शेतात लावणीला जायचं होतं. गाडीला अवकाश होता. समोरच्या टपरीवर कांदाभजी आणि चहा घेतला. फोनला तीन दिवसांनी धड रेंज आली होती. मुक्ताला फोन लावला.

"बरी आहेस ना? आवाज बसलाय तुझा," ती म्हणाली.

"तिखटानं. मुक्ता, ऐक, मी इथं एका बाईची रोपं उपटली."

"काय?"

सगळं सांगितलं. दोरीची रांग, ओरडा, बांध, दोन बोटं. ती आधी हसत होती, मग हसायची थांबली. मी म्हटलं, "बांधावर बसले होते तेव्हा तुझ्या सूर्याची आठवण झाली. तो तसाच राहू द्यायला हवा होता."

रेंज गेली की काय म्हणून मी फोन कानापासून लांब करून पाहिला. मग ती म्हणाली, "थांब," आणि फोन बंद झाला.

दोन मिनिटांनी फोटो आला. तिच्या नव्या घराची खिडकी. पिवळा पडदा, तिनं स्वतः शिवलेला असणार, कारण खालची शिवण डावीकडून उजवीकडे चढत गेली होती आणि एक कोपरा चांगला चार बोटं वर होता. मला ते एका क्षणात दिसलं. सव्वीस वर्षांची सवय आहे, दिसणारच. पण पडद्यातून ऊन आत येत होतं आणि सगळी भिंत पिवळी झाली होती, हेही दिसलं.

मी फोन लावला. "छान दिसतोय गं."

"आणि?"

"आणि काय?"

"पुढे बोल ना. 'पण शिवण...'"

"पुढे काही नाही. खोली किती उजळलीय."

गाडी लागली. लोक धावले, कंडक्टर ओरडायला लागला. मी पिशवी उचलली, भज्याचा कागद हातात, फोन मान आणि खांद्यामध्ये दाबलेला.

"आई," मुक्ता म्हणाली, आवाज जरा वेगळाच होता, "दुसऱ्या खिडकीचा पण दाखवू? तो याच्यापेक्षा वाकडा झालाय."

"दाखव की," मी म्हटलं आणि गाडीत चढले.